नवा कन्सोल आला की मी आधी स्क्रू बघतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात याच महिन्यात 'ग्रँड थेफ्ट ऑटो ६' हा व्हिडिओ गेम पुन्हा लांबल्याची बातमी वाचली. चार ओळी होत्या, त्याही अर्थवृत्ताच्या पानावर, कारण कंपनीचा शेअर घसरला होता. शेअरवाल्यांचं दुःख समजलं. पण त्या सकाळी माझ्या काउंटरवर येऊन जे डोकं धरून बसले, त्यांच्यातल्या एकाकडेही तो शेअर नसावा. त्यांच्या लेखी बातमी अशी होती: आधी २०२५ म्हणाले, मग २६ मे २०२६ म्हणाले, आता १९ नोव्हेंबर २०२६ म्हणतायत. या मालिकेतला आधीचा, पाचवा भाग १७ सप्टेंबर २०१३ला आला होता. तेव्हा बालवाडीत असलेली पोरं आता बारावीचे क्लास लावून बसलीयत. पाचव्या भागावर युरोपात १८ वर्षांवरच्यांसाठीचा शिक्का होता. नवा भागही त्याच जातीचा असणार, तेव्हा या लांबणीमुळे आमची काही गिऱ्हाइकं निदान वयाने तरी पात्र ठरतील, एवढाच काय तो फायदा.

मला स्वतःला तारीख पुढे गेल्याचं फारसं वाटत नाही. जपानच्या निन्टेंडो कंपनीचा 'मेट्रॉइड प्राइम ४' हा खेळ २०१७ साली जाहीर झाला, २०१९च्या जानेवारीत निन्टेंडोने झालेलं काम बाजूला सारून नव्याने सुरुवात केली, आणि तो आता ४ डिसेंबरला येतोय. 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' २०१९ला जाहीर झाला आणि यंदा ४ सप्टेंबरला हातात पडला. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरी या मूठभर माणसांच्या चमूचं ते काम. पण विक्री सुरू झाली त्या मिनिटाला स्टीमसकट मोठमोठी ऑनलाइन दुकानं आडवी झाली. चांगलं शिजायला वेळ लागतो हे मान्य. माझा उत्साह यंदा खेळांपेक्षा यंत्रांबद्दल जास्त आहे, आणि आपल्या पानांवर नेमकी तीच बातमी दिसली नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी माझ्याविषयी थोडं. वय सत्तेचाळीस. राहायला इंदूरच्या रामबागेत, दुकान जेल रोडच्या आतल्या गल्लीत. पाटी टीव्ही-मिक्सर दुरुस्तीची आहे, पण गेल्या काही वर्षांत टेबलावर मिक्सर कमी आणि गेमचे कंट्रोलर जास्त येतात. नव्वदच्या दशकात कॅसेटवाल्या टीव्ही गेमचे जळलेले ॲडॉप्टर दुरुस्त करता करता हात बसला, आणि खेळायची चटकही तेव्हाचीच. 'कॉन्ट्रा'त तीस जीव मिळवायचा बटणांचा क्रम माझ्या बोटांत अजून पक्का आहे. बँकेचा ओटीपी मात्र एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर जाईपर्यंत विसरतो. दुकान बंद केल्यावर रोज तासभर खेळतो. घरच्यांनी त्यावर बोलणं सोडून दिलंय.

तर यंत्रं. २ एप्रिलला संध्याकाळी साडेसहाला निन्टेंडोने 'स्विच २' या नव्या कन्सोलची, म्हणजे खेळायच्या यंत्राची, सगळी माहिती खुली केली. ऐन गिऱ्हाइकीची वेळ. काउंटरवर फोन उभा करून आम्ही चौघे-पाच जण बघत होतो आणि बाहेर एक काकू टोस्टर घेऊन ताटकळत होत्या. स्क्रीन आधीच्या सव्वासहा इंचांवरून ७.९ इंचांवर गेला, चित्राचा बारकावा ७२०पीवरून १०८०पीवर गेला, आतली साठवण ३२ जीबीवरून २५६ जीबीवर आली. 'मारिओ कार्ट वर्ल्ड'मध्ये एका शर्यतीत चोवीस गाड्या धावताना दिसल्या तेव्हा पोरांनी अशी आरोळी ठोकली की काकू आत डोकावल्या. मी मात्र वाट बघत होतो ती कंट्रोलरची. जुन्या स्विचचे दोन बाजूंचे कंट्रोलर, म्हणजे जॉय-कॉन, खाचेतून सरकवून बसवायचे असत. ती पट्टी झिजली की कंट्रोलर ढिला व्हायचा आणि खेळता खेळता तुटायचा संपर्क. नव्यात ते लोहचुंबकाने चिकटतात, वर आडवे धरून टेबलावर घासले की माऊससारखे चालतात. वा! हे बघून खरंच टाळी वाजवली. मग स्टिकचं, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या दांडीचं, काय? त्याबद्दल त्या कार्यक्रमात मला हवं ते कोणी बोललंच नाही.

स्टिकचं मी एवढं का घेऊन बसतो ते सांगतो. माझ्याकडे येणारी सगळ्यात मोठी तक्रार एकच: "भिया, बंदा अपने आप चल रिया है." हात न लावता पडद्यावरचा गडी डावीकडे चालत सुटतो. याला ड्रिफ्ट म्हणतात. कंट्रोलर उघडला की स्टिकच्या खाली दोन बाजूंना दोन चिमुकल्या डब्या दिसतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. डबीचं झाकण नखाने उचकटलं की आत करंगळीच्या नखापेक्षाही लहान चकती. एका भागावर काळ्या कार्बनचा पट्टा, दुसऱ्यावर धातूचं पातं, त्याला केसासारखी बारीक बोटं. स्टिक हलली की ही बोटं त्या पट्ट्यावरून घासत जातात आणि कुठे टेकली त्यावरून यंत्राला कळतं तुम्ही किती झुकवलंत. म्हणजे हा आपला रेडिओच्या आवाजाचा जुना पोटेन्शिओमीटरच, फक्त आकाराने लहान. भिंगाखाली धरलं की कार्बनवर चकाकणारी वाट दिसते, बरोबर मध्यावर सगळ्यात खोल, कारण स्टिक प्रत्येक वेळी मध्यावर परत येते. झिजलेली काळी पूड डबीतच फिरत राहते. स्पिरिटने साफ केलं तर काही दिवस बरं चालतं, पण गेलेला कार्बन परत येत नाही. मग पूर्ण स्टिक बदलायची: चौदा टाके एकेक करून सोल्डर ओढून मोकळे करायचे, बोर्डाचा तांब्याचा पदर उचलू न देता. घाईत एखादा पदर उचलला गेला की तिथून बारीक तार ओढत बसा.

याला उपाय नाही असं नाही. हॉल इफेक्ट म्हणून प्रकार आहे: स्टिकला चुंबक, समोर सेन्सर, दोन्हींचा एकमेकांना स्पर्शच नाही, तर झिजणार काय? सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये ही युक्ती १९९८ साली होती. तरी बड्या कंपन्यांचे कंट्रोलर आजही बहुतेक कार्बनवरच चालतात. जुन्या जॉय-कॉनच्या ड्रिफ्टवरून अमेरिकेत खटले झाले, २०२०मध्ये निन्टेंडोच्या अध्यक्षांनी लोकांना झालेल्या त्रासाबद्दल माफी मागितली. तेव्हा मला वाटलं होतं, पुढच्या यंत्रात हे नक्की बदलणार. पण स्विच २च्या कार्यक्रमानंतर निन्टेंडोच्याच अधिकाऱ्यांनी सांगितलं की नव्या स्टिक मोठ्या आणि मजबूत आहेत, पण हॉल इफेक्टच्या नाहीत. पुढे आयफिक्सिटवाल्यांनी यंत्र खोलून दुरुस्तीसुलभतेला दहापैकी तीन गुण दिले. बॅटरी गोंदाने घट्ट चिकटवलेली. धंद्याच्या दृष्टीने मी खूश व्हायला हवं. खेळणारा म्हणून चिडलो.

आणि तरीही ते यंत्र मला हवंय, हे सुद्धा लिहून टाकतो. ५ जूनला बाजारात आलं, पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांवर खपलं, सप्टेंबरअखेर एक कोटीच्या पुढे गेलं. त्यावरच्या 'डाँकी काँग बनान्झा' या खेळात अख्खा डोंगर ठोसे मारून पोखरता येतो. दिवसभर नाजूक टाके मारणाऱ्या माणसाला याहून वेगळं काय हवं असणार?

पण या वर्षीची माझी खरी दिवाळी १२ नोव्हेंबरला रात्री साडेअकराला झाली. स्टीम हे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्व कंपनीने एका दमात तीन वस्तू जाहीर केल्या: 'स्टीम मशीन' हा टीव्हीजवळ ठेवायचा साधारण सहा इंची ठोकळा, 'स्टीम फ्रेम' हा डोळ्यांवरचा हेडसेट, आणि नवा 'स्टीम कंट्रोलर'. या कंट्रोलरच्या स्टिक टीएमआर आहेत, म्हणजे त्याही चुंबकाच्याच, हॉलच्या पुढची पायरी. झीज नाही आणि वीजही कमी खातात. अंथरुणात उठून बसलो. बायकोला वाटलं कोणाचा तरी वाईट फोन आला. त्या ठोकळ्यात एएमडीचा सहा कोअरचा झेन ४ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ग्राफिक्ससाठी वेगळी ८ जीबी मेमरी, साठवण ५१२ जीबी किंवा २ टीबी. वीजपुरवठ्याचा भाग आतच, त्यामुळे बाहेर वीट लोंबकळणार नाही. पुढची पट्टी चुंबकाने लागते, एसएसडी आणि रॅम काढून बदलता येतात. आणि चालतो स्टीमओएसवर, म्हणजे लिनक्सवर. विंडोजचे पैसे नाहीत. याच नावाची यंत्रं २०१५मध्ये इतर कंपन्यांनी बनवून आपटली होती, ते लक्षात आहे. तेव्हा लिनक्सवर खेळच चालत नसत. मधल्या काळात वाल्वने प्रोटॉन नावाचा थर बांधला, ज्यामुळे विंडोजचे बहुतेक खेळ लिनक्सवर चालतात, आणि २०२२पासून स्टीम डेक या हातातल्या यंत्राने ते दाखवूनही दिलं. किंमत अजून सांगितलेली नाही, २०२६च्या सुरुवातीला येणार एवढंच कळलंय. सध्या डॉलर मार्केट या आमच्या इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात रॅमचे भाव ज्या वेगाने चढतायत ते बघता किमतीची धास्तीच आहे.

आता त्याच रात्रीची दुसरी गोष्ट. जाहिरात संपली की मी नेहमी पानाच्या तळाशी जातो, तिथे कोणकोणत्या देशांत मिळणार याची यादी असते. स्टीम डेक जिथे विकतात तेच देश: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, युरोप, ऑस्ट्रेलिया, शिवाय जपान, कोरिया, हाँगकाँग, तैवान. आपण नाही. निन्टेंडो तर भारतात अधिकृतपणे कन्सोल विकतच नाही. स्विचची विक्री पंधरा कोटींच्या वर गेली, त्यातला आपल्याकडचा नग न नग कोणाच्या ना कोणाच्या बॅगेतून किंवा आयातदाराच्या खोक्यातून आलेला. सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) हा कन्सोल जगात नोव्हेंबर २०२०मध्ये आला, आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ला. पुढचा पीएस५ प्रो नोव्हेंबर २०२४ला आला तो भारत वगळून, आणि कारण होतं वाय-फाय! त्यातलं वाय-फाय ७ ज्या ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतं तो पट्टा आपल्याकडे तेव्हा खुला नव्हता. यंदा मे महिन्यात सरकारने त्यातला खालचा भाग परवानामुक्त करण्याचा मसुदा काढला. ही बातमी आपल्याकडे दूरसंचार म्हणून छापून आली असेल, पण तिचा कन्सोलशी संबंध आहे हे वाचकाला कोण सांगणार?

याचा परिणाम माझ्या टेबलावर दिसतो. मागे एक ताई मुलीला घेऊन आल्या. मामाने दुबईहून आणलेलं हातातलं यंत्र, चार्जिंगचा पोर्ट आत दबलेला. मुलगी काही बोलत नव्हती, नुसती यंत्राची पिशवी घट्ट धरून उभी. भारतात सर्व्हिस सेंटर नाही, वॉरंटी दुबईची, दुकानदाराने फोनवर सांगितलं की वस्तू इकडे पाठवा. पाठवायचा खर्च आणि कस्टमचा घोळ धरला तर नवीन घेतलेलं बरं. पोर्ट मी एका मेलेल्या बोर्डावरून काढून लावला. असे मेलेले बोर्ड मी जपून ठेवतो. अगदीच निकामी झाले की कचरागाडीच्या ई-कचऱ्याच्या डब्यात. इंदूरकर आहोत, कचऱ्याचे सहाही डबे पाठ आहेत.

आणखी एक गोष्ट, जी पालकांना माहीतच नसते. स्विच २च्या बऱ्याच खेळांच्या डबीत जे कार्ड निघतं त्यात खेळ नसतोच. त्याला गेम-की कार्ड म्हणतात: कार्ड घातलं की खेळ इंटरनेटवरून उतरवायचा, आणि खेळताना कार्ड आतच ठेवायचं. हे म्हणजे हातात तिकीट आहे, नाटक कंपनी आली तर बघा. कार्ड दुसऱ्याला देता-विकता येतं, एवढं बरं. पण कंपनीने उद्या सर्व्हर बंद केला तर? डबीवर खाली तशी सूचना छापलेली असते, पण आजोबांनी नातवाच्या वाढदिवसाला घेताना ती वाचावी कशी? पीएस५ प्रोमध्ये तर डिस्क ड्राइव्हच नाही, वेगळी घ्यायची आणि जोडताना एकदा इंटरनेटवरून नोंदवायची. आमच्याकडे एक डिस्क राजेंद्रनगरपासून विजयनगरपर्यंत आठ घरं फिरते. महाराष्ट्र साहित्य सभेच्या वाचनालयातलं पुस्तकसुद्धा इतकं फिरत नसेल.

जपानची मला थोडी असूया वाटते. तिथे स्विच २ची फक्त जपानी भाषेची आवृत्ती ४९,९८० येनला मिळते आणि सगळ्या भाषांची ६९,९८० येनला. परवा, २१ नोव्हेंबरला सोनीनेही तिथे फक्त जपानी भाषेचा पीएस५ ५५,००० येनला आणला. आपल्या भाषेत हवंय म्हणून वस्तू स्वस्त! मराठीत स्वस्त राहू द्या, एखाद्या कन्सोलच्या मेनूत भाषांच्या यादीत मराठी दिसली तरी मी दुकानात पेढे वाटीन. दुःखाची बाब अशी की खेळ बनवणारी माणसं आपल्यात आहेत. 'राजी' हा खेळ २०२०मध्ये आधी निन्टेंडो स्विचवरच आला, आणि बनवणारा नॉडिंग हेड्स हा स्टुडिओ पुण्याचा. 'इंडस' बनवणारी सुपरगेमिंगही पुण्याचीच. म्हणजे पुण्यात बनलेला खेळ निन्टेंडोच्या दुकानात, आणि ते यंत्र मात्र पुण्यात अधिकृत मिळत नाही.

ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला तेव्हा आपल्याकडे पहिल्या पानावर मोठा मथळा होता. दुसऱ्या दिवशी दोन वडील मुलांचे कन्सोल विकायला घेऊन आले. त्यांना समजावता समजावता नाकी नऊ आले की बंदी पैसे लावून खेळायच्या प्रकारांवर आहे. ई-स्पोर्ट्सला तर त्याच कायद्यात प्रोत्साहन आहे. एकाला पटलं. दुसऱ्याचा कन्सोल मी ठेवून घेतला, मुलगा बोर्डाची परीक्षा झाल्यावर न्यायला येणार आहे. (वडिलांना माहीत नाही, ते आपलं दैनिक घेत नाहीत, म्हणून लिहितोय.)

तेव्हा विनंती अशी. शुक्रवारी आपण चित्रपटांना अर्धं पान देता, मोबाइलला पाव पान. नव्या खेळांना आणि कन्सोलना रविवारी एक स्तंभ द्या. कथा-बिथा सांगायची गरज नाही, ती पोरं आधीच कोळून प्यायलेली असतात. घरातल्या ज्या माणसाच्या खिशातून पैसे जाणार त्याला उपयोगी पडेल ते छापा: भारतात अधिकृत मिळतं का, वॉरंटी कोण देणार, डबीत खेळ आहे की नुसती किल्ली, किती वयासाठी आहे, स्टिक कसली आहे आणि बिघडलं तर उघडतं का. आणि तारीख पुढे गेली की शेअरबरोबर नवी तारीखही द्या.

लगेचचा मुहूर्तही आहे. लॉस एंजेलिसला ११ डिसेंबरला 'द गेम अवॉर्ड्स'चा सोहळा आहे, आपल्याकडे शुक्रवार, १२ तारखेची सकाळ. वर्षाच्या सर्वोत्तम खेळासाठी 'सिल्कसाँग' आणि 'डाँकी काँग बनान्झा' दोन्ही आहेत, पण माझं मत फ्रान्सच्या मॉन्पेलिएमधल्या छोट्या स्टुडिओच्या 'क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्सपिडिशन ३३'ला. बक्षिसांपेक्षा त्या कार्यक्रमात होणाऱ्या नव्या घोषणांसाठी आम्ही बघतो. मी त्या दिवशी दुकान अकराऐवजी बाराला उघडणार आहे. शनिवारच्या अंकात तीनशे शब्दांची जागा ठेवलीत तर दुपारी दोनपर्यंत मजकूर टाइप करून पाठवतो, मानधन नको. फक्त अर्थवृत्ताच्या पानावर टाकू नका.

आपला,
एक जुना वाचक आणि दुरुस्तीवाला
रामबाग, इंदूर
२४ नोव्हेंबर २०२५